कपाटाचं दुसरं टोक

सोमवार, ४ तारीख

या घराच्या दोन्ही मजल्यांवर राहणाऱ्या, बिल वेळेवर भरणाऱ्या, आणि तरीही पडद्यावरच्या गरगर फिरणाऱ्या चकतीकडे हताशपणे बघत बसणाऱ्या माझ्या पीडित बांधवांनो,

अनेकवचन सवयीने आलं. बांधव एकच आहे, तो वरच्या मजल्यावर राहतो, आणि त्याला मी लहानपणापासून टिल्लू म्हणते. तेव्हा तो माझ्या खांद्यालाही लागत नव्हता. आता दाराच्या चौकटीवर डोकं आपटतो.

टिल्लू, आपण बोलत नाही हे मला माहीत आहे. पण हे बोलणं नव्हे, लिहिणं आहे, तेव्हा कुणाचाच शब्द मोडत नाही. सकाळी पेपर माझ्या दारात पडतो, मी तो वाचून बाहेरच्या जिन्याच्या कठड्यावर ठेवते, संध्याकाळी तू शब्दकोडं सोडवून तो परत खाली ठेवतोस. इतक्या महिन्यांच्या अबोल्यात हा क्रम एकदाही चुकलेला नाही. काल मात्र शब्दकोड्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: ‘शनिवारी दुसऱ्या कंपनीचा माणूस येतोय. नेटसाठी वरच्या मजल्याला वेगळी वायर घेतोय. तुला त्रास नको.’

पहिली दोन वाक्यं मी समजू शकते. तिसऱ्याने माझं डोकं फिरलं. त्रास? मला तुझा त्रास होतो असं मी कधी म्हटलं? तू हट्टी आहेस असं म्हटलं, फाटकं लावायची तुला हौस आहे असं म्हटलं, तेही माइकवर म्हटलं. पण त्रास हा शब्द माझा नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण एकाच घरात दोन चुली मांडल्या, ते चालतं. दोन मीटर आहेत, तेही चालतं. पण नेटची वायर बाबांच्या नावावर आली तेव्हापासून एकच आहे. ती माझ्या मधल्या खोलीत येते, तिथल्या वायफायच्या डब्याला लागते, आणि तो डबा दोन्ही मजल्यांना पुरतो. पुरत असे. दुसरी वायर आली की गल्लीतल्या कुणालाही खांबावर नुसती नजर टाकून कळेल की हे घर आता दोन घरं झालं आहे. भिंत दरवेळी विटांचीच लागते असं नाही.

तू म्हणशील, ताईला कशाचंही राजकारण करता येतं. येतं. इतिहासात बघ, मोठमोठी राज्यं लढाई हरून बुडाली नाहीत, आपापली वेगळी सोय बघणाऱ्यांमुळे बुडाली. सार्वजनिक विहीर गढूळ झाली की शहाणा माणूस विहीर उपसतो, परसात आपला वेगळा आड खणत नाही. दोष आपल्या वायरीचा नाही, दोष त्या कंपनीचा आहे. जाहिरातीत विजेच्या वेगाचं नेट दाखवायचं, घरात बैलगाडीच्या वेगाचं द्यायचं, आणि तक्रार केली की संगीत ऐकवायचं. या लुटीविरुद्ध मी उभी आहे.

माझी मागणी एकच आहे. शनिवारपर्यंत मला वेळ दे. तोवर नेट सुधारलं तर त्या माणसाला येऊ नकोस म्हणून कळव. नाही सुधारलं तर मी स्वतः त्याची शिडी धरीन.

उत्तर समासात चालेल. तुझ्याकडे नेमकं काय आणि केव्हापासून बिघडलंय ते लिही. निदानाशिवाय औषध नाही.

तुझी ताई

मंगळवार, ५ तारीख

टिल्लू,

समासातलं उत्तर मिळालं. अक्षर अजूनही मुंग्या चालल्यासारखंच आहे.

तुझ्या म्हणण्यानुसार बिघाड दोन आहेत. एक, नेट मधेच पूर्ण बंद पडतं. दोन, चालू असतं तेव्हाही रांगतं. त्यामुळे तू बुद्धिबळाचे जिंकत आलेले डाव हरलास. तुझा वजीर हवेत लटकत राहिला आणि घड्याळ चालत राहिलं. समोरच्याला वाटलं असेल की म्हातारा विचारात पडलाय. हे वाचून मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. पण लिहिताना क्रम बदलता येत नाही.

केव्हापासून, याचं उत्तर तू दिलंस: ‘त्या सभेच्या आठवड्यापासून.’ आणि कारणही दिलंस: ‘तुझा वर्ग सगळं नेट खातो.’

प्रथम वर्गाबद्दल. माझ्या भाषणकलेच्या वर्गात एक परिचारिका आहे, एक टपाल वाटणारा आहे, एक चपलांच्या दुकानातला विक्रेता आहे, आणि आणखी अशीच पाच-सहा माणसं, ज्यांना आयुष्यभर कुणी बोलूच दिलेलं नाही. ती माणसं फार तर माझं डोकं खातात. नेट खाण्याइतकी मोठी त्यांची भूक नाही. शिवाय माझा वर्ग सकाळी असतो, तुझं बुद्धिबळ दुपारी. मी सकाळी खाल्लेलं तुझ्या दुपारच्या ताटातून कसं कमी होईल?

आता सभेबद्दल. तो विषय तू काढलास, मी नाही. गल्लीच्या रहिवाशांची सभा होती, तू अध्यक्ष होतास, आणि गल्लीच्या तोंडाला फाटक बसवून बाहेरच्यांची वाट बंद करावी असा ठराव तू मांडलास. मी विरोधात बोलले. रस्ता सगळ्यांचा असतो, कुणाच्या तरी घरी कामाला जाणाऱ्या बाईला चार गल्ल्यांचा वळसा घालायला लावून आपण सुरक्षित होत नाही, फक्त एकटे होतो, असं म्हणाले. ठराव पडला. आजही तीच सभा भरली तर मी तेच बोलेन, त्यात एक शब्दही बदलणार नाही. त्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालास, ‘आमची ताई घरात मीठ मागतानाही सभेला संबोधते.’ लोक हसले. मला हसण्याचं काही नव्हतं, कारण ते खरं होतं. मग मीही काहीतरी बोलले, त्यात तुझी बायको, तुझं पेन्शन आणि तुझी पेन्सिल असं सगळंच आलं. घरी आल्यावर आणखी झालं. आतल्या जिन्याचं दार बंद झालं. दारापुढे बाबांचं लोखंडी कपाट आलं. तेव्हापासून तू बाहेरच्या जिन्याने ये-जा करतोस.

पण त्याचा नेटशी संबंध काय? रागाने नेट मंदावत असतं तर जगातल्या कुठल्याच घरात ते चाललं नसतं.

कंपनीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकलं. मग एक मुलगी बोलली, आवाज गोड, पण वाक्यं कुणीतरी दुसऱ्याने लिहून दिलेली. मी दोन्ही बिघाड सांगितले, मग ग्राहकाच्या हक्कांविषयी थोडं बोलले. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘डबा बंद करून पुन्हा चालू केलात का?’ मी म्हटलं, बाई, तो रोजच बंद होतो, तेच तर सांगतेय. ती म्हणाली, उद्या माणूस पाठवते.

तुझी ताई

ता. क. पेन्सिलीबद्दल मी जे बोलले ते अनावश्यक होतं. बाकीचं कायम.

बुधवार, ६ तारीख

टिल्लू,

आज मला एक आरोप अंशतः मागे घ्यावा लागतोय. अंशतः या शब्दाखाली रेघ ओढली आहे ती बघ.

कंपनीचा माणूस आला. पाठीवर पिशवी, कानाला फोन, पुढच्या तीन घरांची घाई. मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि कंपन्यांच्या मनमानीविषयी माझं म्हणणं मांडलं. त्याने चहा संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही बोलता ते पटतं, पण तक्रारीत काय लिहू?’ मी म्हटलं, लिही की नेट येत नाही. तो म्हणाला, येतंय की. हिरवा दिवा लागलाय. मोठा डबा घ्या, वरपर्यंत जाईल. एवढं बोलून त्याने मोठ्या डब्याचं रंगीत पत्रक माझ्या हातात ठेवलं आणि तो गेला. मी ते पत्रक चहाच्या पातेल्याखाली ठेवलं.

मग मी असं काम केलं जे आयुष्यात केलं नव्हतं. डब्यासोबत आलेली पुस्तिका वाचली. जगाच्या क्रांत्यांवरची जाडजूड पुस्तकं या घरात मी दोन-दोनदा वाचली आहेत, पण ही चार पानी पुस्तिका डबा आल्यापासून पिशवीतच होती. ती बरी लिहिलेली आहे. उगीच कुणाची स्तुती नाही. तिच्यात म्हटलंय, आधी लॅपटॉप डब्याला वायरीने थेट जोडा आणि वेग तपासा. तिथेच कमी असेल तर दोष बाहेरच्या लाइनीचा. तिथे पुरेसा असेल आणि दूर गेल्यावर कमी होत असेल, तर दोष घराचा.

जोडला. पूर्ण वेग. बिलावर लिहिलाय तेवढा, किंचित जास्तच. मी तीनदा तपासला, कारण पहिल्या दोनदा मला तो पटला नाही.

म्हणजे कंपनी आपल्याला लुटत नाही. निदान या एका बाबतीत नाही. हे लिहिणं जिवावर आलं, पण पुरावा समोर असताना भूमिका न बदलणाऱ्याला मी आयुष्यभर नावं ठेवत आले.

दोष घराचा, हे दोन शब्द मात्र दिवसभर डोक्यात फिरत राहिले.

नंतर दुसरा पुरावा सापडला. सकाळच्या वर्गात माझं भाषण ऐन रंगात होतं. ‘आणि म्हणून, मित्रहो,’ एवढं म्हणाले आणि पडद्यावरचे सगळे चेहरे थिजले. मी उठून मधल्या खोलीत गेले. डबा कुठे आहे ते तुला आठवत असेल, जिन्याच्या दाराला लागून असलेल्या फळीवर. आता शेजारी कपाट असल्यामुळे भिंतीला गाल लावल्याशिवाय तो दिसत नाही. गाल लावून बघितलं. हिरवा दिवा नव्हता. लालही नव्हता. एकही दिवा नव्हता. टिल्लू, लाइन गेली की दिव्याचा रंग बदलतो, असं पुस्तिका सांगते. सगळेच दिवे जातात ते फक्त वीज गेल्यावर. आणि स्वयंपाकघरातला माझा पंखा तर गरगर फिरत होता. थोड्याच वेळात डबा आपोआप चालू झाला, कुणी हात न लावता.

गंमत म्हणजे वर्गातल्या परिचारिकेने नंतर मला लिहिलं, ‘तुमचे विराम फार परिणामकारक असतात. आज तर अंगावर काटा आला.’

मी आता लांब वायरीचा बोर्ड आणून डबा स्वयंपाकघराच्या प्लगवर लावला आहे. उद्या बघू.

तुझी ताई

गुरुवार, ७ तारीख

टिल्लू, टिल्लू, टिल्लू,

काल संध्याकाळी पेपर उघडला आणि इतकी हसले की शेजारीण खिडकीत आली. शब्दकोड्याच्या समासात तू लिहिलंयस: ‘आज खाली काय केलंस? बटण चालत नाही.’

कोणतं बटण, टिल्लू?

तू सांगायची गरज नाही. मला आठवलं. वरचा मजला बांधताना बाबांनी जिन्याच्या दिव्याची वायर वरच्या मीटरवर घेतली, आणि वायर वाचवण्यासाठी मधल्या खोलीतला तो एक प्लगही तिच्यातच जोडला. त्याचं बटण तुझ्या हॉलमध्ये, आतल्या जिन्याच्या वरच्या टोकाशी. लहानपणी मी खाली अभ्यासाला बसले की तू तेच बटण दाबून माझा टेबलदिवा घालवायचास आणि अंधारात खिदळायचास. साठी उलटली तरी हात तिथेच आहे.

आता सगळं दिसतं. नेट रांगायला लागलं की तुला कंपनीतली मुलगी सांगते, डबा बंद करून चालू करा. डबा माझ्या खोलीत. माझ्याशी तू बोलत नाहीस. मग तू शहाण्यासारखा वरूनच बटण दाबतोस, थोडं थांबतोस, पुन्हा दाबतोस. त्यानंतर थोडा वेळ बरं चालतंही, म्हणून तुला वाटतं की उपाय सापडला. दिवसातून किती वेळा हा उपाय करत होतास ते मी विचारत नाही. मला माझे परिणामकारक विराम आठवताहेत.

पण मी हसतेय म्हणून तू एकट्याने खजील होऊ नकोस. माझा वर्ग तुटला की मी काय करत होते? कपाटाच्या कडेने हात घालून डब्याचा प्लग उपसायचा, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायचा. दुपारी जेवण झाल्यावरही एकदा, सावधगिरी म्हणून. दुपारी, टिल्लू. तुझा वजीर हवेत होता तेव्हा त्याखालची जमीन मी काढून घेत होते.

म्हणजे तुझ्या उपायाने मी पडत होते, माझ्या उपायाने तू पडत होतास, आणि दोघं मिळून कंपनीला शिव्या देत होतो. माझ्या तर मोठ्याने होत्या. एवढी दांडगी आघाडी आपण दोघांनी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी उभारली नाही.

काल दुपारपासून नेट एकदाही तुटलेलं नाही. पहिला बिघाड संपला. तुझं बटण आता फक्त जिन्याचा दिवा लावेल. तो दिवा कुणालाच लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा शनिवारच्या माणसाला कळव.

तुझी ताई

शुक्रवार, ८ तारीख

टिल्लू,

कालचं तुझं उत्तर चार वाक्यांचं होतं. ‘खंड पडत नाही, मान्य. वेग मात्र तोच. वर पान उघडेपर्यंत चहा होतो. शनिवारचं ठरलं ते ठरलं.’

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी दोन हात करता येतात. त्यात थकवा होता. तू खरंच कंटाळलायस, आणि उद्या तो माणूस खांबावर चढला की आपण पेपरही दोन घ्यायला लागू, हे मला लख्ख दिसलं. मग मी तुझ्या समासाची वाट कशाला बघेन आणि तू माझ्या कठड्याची?

म्हणून आज सकाळी वर्ग बंद ठेवला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा. हातात फोन घेऊन घरभर फिरले आणि जागोजागी वेग बघितला. मधल्या खोलीत उत्तम. स्वयंपाकघरात उत्तम. अंगणात, तुझ्या खिडकीखाली, बरा. मग वरचा मजला राहिला.

हे मी खरं म्हणजे लिहिणार नव्हते. पण अर्धा पुरावा सांगून निष्कर्ष काढणं मला जमत नाही. तू भाजीला बाहेर पडलास, अंगणाचं फाटक वाजलं, आणि मी बाहेरच्या जिन्याने वर आले. कामासाठी. तुझ्या दारात फोन धरून उभी होते. घंटा वाजवली नाही. दार तुझ्या बायकोने उघडलं, बहुधा माझ्या धापा ऐकून.

तिने पाण्याचा पेला आणला. मी म्हटलं, मी नेट मोजायला आलेय. ती म्हणाली, ‘मोजा की. आत येऊन मोजा.’ मग आम्ही दोघी तुझ्या घरात चोरांसारख्या फिरलो, ती पुढे, मी मागे, फोन मध्ये. स्वयंपाकघरात कमी. खोलीत कमी. आणि सगळ्यात कमी कुठे, तर हॉलमध्ये आतल्या जिन्याच्या वरच्या टोकाशी, जिथे तू बुद्धिबळाचं टेबल मांडलंयस. तिथे पान उघडेचना.

मी म्हटलं, ही कुठली जागा निवडली याने?

ती म्हणाली, ‘अहो, पूर्वी नेट इथेच सगळ्यात जोरात यायचं. जिन्यातून वर येतं म्हणून तर टेबल इथे मांडलं. आता येत नाही, टेबल हलवा म्हटलं तर हलवत नाहीत. म्हणतात, जागा नेटची आहे.’ मग पदराने ते टेबल पुसत म्हणाली, ‘खरं सांगू का, ताई? या जागेवरून तुमचा वर्ग ऐकू यायचा. सकाळी पेन्सिल कानावर अडकवून बसायचे. हल्ली कपाटामुळे तोही नीट येत नाही.’

मी पेला ठेवला आणि खाली आले. तिला सांग, पाणी छान होतं. किंवा सांगू नकोस, मी आले होते हे तुला माहीत नाही असं तिला वाटत असेल.

खाली येऊन मी मधल्या खोलीत उभी राहिले. डबा फळीवर, फळी दाराला लागून, दारामागे जिना, जिन्याच्या टोकाला तुझं टेबल. या रस्त्याने नेट वर जायचं. आता डबा आणि दार यांच्या मध्ये बाबांचं कपाट आहे. पोलादी, आत पोलादी फळ्या, त्यावर त्यांनी जपलेले अवजारांचे डबे, तेही लोखंडी. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की डबा लोखंडी वस्तूंच्या आड ठेवू नका. ते मी बुधवारीच वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं.

मग मी हात लांब करून फोन कपाटाच्या मागे, दाराच्या फटीत धरला. डबा तिथून वीतभर अंतरावर. तरी वेग तुझ्या हॉलमधल्यासारखाच, मेल्यासारखा. हात बाहेर काढला की लगेच जोरात. पुन्हा आत, पुन्हा मेला. मी हे करत राहिले, जवळजवळ लहान मुलीसारखी.

त्या सभेच्या आठवड्यापासून, असं तू म्हणाला होतास. बरोबर होतास. फक्त माझ्या वर्गामुळे नाही.

मंगळवारी मी लिहिलं की दारापुढे कपाट ‘आलं’. जणू ते स्वतःच्या पायांनी चालत आलं. टिल्लू, ते आपण दोघांनी आणलं. मी म्हणाले, या घरात आता ये-जा नको. तू म्हणालास, मलाही हौस नाही. मी एकटीने कपाट ढकलून बघितलं, हललं नाही. तू एकट्याने बघितलंस, हललं नाही. मग तू आरशाच्या बाजूचं टोक धरलंस, मी दुसरं. मी एक-दोन-तीन मोजलं, आणि दोघांनी मिळून, अगदी एकजुटीने, आपलंच दार बंद केलं. जगात कुणी इतक्या सहकार्याने भांडलं नसेल. गल्लीला फाटक नको म्हणून मी भर सभेत घसा कोरडा केला, आणि त्याच संध्याकाळी घरात पोलादी फाटक उभं करायला हात लावला. तू निदान सुसंगत होतास. तुला फाटकं आवडतातच.

आता उपाय. मोठा डबा घेता येईल, त्याचं पत्रक पातेल्याखाली आहे. डब्याची जागा बदलता येईल. वर एक छोटा डबा लावून नेट पुढे ढकलता येईल. हे सगळे उपाय खरे आहेत, आणि यातला एकही मला मान्य नाही, कारण या प्रत्येकात कपाट जिथे आहे तिथेच राहतं. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की अडथळ्याला वळसा घालायची सवय लागली की अडथळा दिसेनासा होतो आणि मग लोक त्यालाच भिंत म्हणू लागतात. हे मी दुसऱ्यांच्या अडथळ्यांबद्दल फार चांगलं बोलते.

आज दुपारी मी कपाटाला खांदा लावला. बोटभर सरकलं. फरशीवर चरा उमटला, पहिल्या चऱ्याच्या शेजारी. पुढे नाही. मी आणखी जोर लावला असता, पण पाठ म्हणाली, बाई, हे एकटीचं काम नाही. पाठीचं मी सहसा ऐकत नाही. आज ऐकलं.

फाटकाच्या बाबतीत मी माघार घेणार नाही. तूही घेऊ नकोस. पुढच्या सभेत तू पुन्हा ठराव आण, मी पुन्हा पाडते. भांडायला तुझ्याइतकं चांगलं माणूस मला कुठे मिळणार? पण ते भांडण सभेत, माइकवर, उजेडात. घरात जिना मोकळा हवा. तू वरून खाली ओरडलास तर मला ऐकू आलं पाहिजे, आणि माझा वर्ग तुला. तू ऐकतोस हे कळल्यापासून सोमवारच्या भाषणाची तयारी मी नव्याने सुरू केली आहे.

तेव्हा टिल्लू, एवढंच कर. आज संध्याकाळी पेपर परत ठेवताना समासात काही लिहू नकोस. त्या कंपनीच्या माणसाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांग. आणि उद्या सकाळी, तो ज्या वेळी येणार होता त्याच वेळी, बाहेरच्या जिन्याने खाली ये. शेवटचं बाहेरून. चहा तयार ठेवते, पण आधी काम. आरशाच्या बाजूचं टोक तू धर, दुसरं मी धरते. मोजणार मीच. आणि मागच्या वेळी तू दोनलाच उचललंस म्हणून फरशीला चरा गेला, तेव्हा या वेळी तीन म्हटल्यावर उचल.

तुझी ताई